पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि श्रम यांची शिदोरी



छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे फार नाहीत. परंतु जी आहेत ती रविवारच्या उपासनेनंतर एकमेकांची विचारपूस केल्याशिवाय घरी जात नाहीत. अशा भेटींत अलीकडे एक विषय वारंवार निघतो. मुलगा पंधरा वर्षांचा झाला, मुलगी सोळाव्या वर्षात आली. शब्बाथ शाळा सुटली आणि हाती मोबाईल आला. खिशात नोट नसली तरी पडद्यावर बोट टेकवताच पैसे जातात. ते किती गेले व कशावर गेले हे ना मुलाला नीट सांगता येते, ना आईबापांना वेळेवर कळते. आपण त्याला लहानपणी प्रार्थना शिकवली; पण रुपया कसा मिळवावा, कसा राखावा आणि कसा द्यावा हे शिकवायचे राहून गेले काय? की पैसा मिळवण्याचा ध्यास लावला आणि प्रार्थनाच मागे पडली? हे प्रश्न रायपूरचेच नव्हेत. वाढती मुले असलेल्या प्रत्येक ख्रिस्ती घराला ते आज पडत आहेत.

या प्रश्नांचे उत्तर आपण एका चरित्रात शोधू या. ते चरित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु या दृष्टीने आपण ते क्वचितच वाचले असेल.

रायपूर जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १८९६-९७ साली या प्रांतावर भयंकर दुष्काळ कोसळला. छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार; पण ते कोठारच रिकामे झाले. गावोगावी माणसे अन्नावाचून मेली आणि मागे राहिलेली मुले रस्त्यांवर आली. ठिकठिकाणच्या मिशनांनी अशा पोरक्या मुलांना आश्रय दिला. त्याच दुष्काळात पुण्याहून एक मराठी विधवा याच मध्यप्रांतात आली. अंगावर साधे पांढरे वस्त्र, सोबत मोजके सहकारी आणि डोळ्यांपुढे भुकेने काळवंडलेल्या मुली. तिने सुमारे ३०० मुली व तरुण विधवा आपल्या आश्रयाला घेतल्या. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. या मुलींकडे पाहताना बाईंना त्यांच्यात आपली स्वतःची सोळा वर्षांची मूर्ती दिसत होती. ती का दिसत होती, हे समजण्यासाठी आपल्याला तेवीस वर्षे मागे गेले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. ज्या काळी स्त्रीने अक्षर गिरवणे हे पाप मानले जात असे, त्या काळी त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. गंगामुळाला त्यांचे घर, शेती व बागा होत्या. परंतु विद्यार्थी, यात्रेकरू आणि अतिथी यांच्या पाहुणचारात ती संपत्ती आटत गेली. अखेर घर सोडून तीर्थयात्रेला निघण्याची वेळ आली, तेव्हा रमा जेमतेम सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोक्यावरून नेण्यात आले. तिच्या बालपणाचे घर म्हणजे ती वाट आणि वाटेवरच्या धर्मशाळा.

शास्त्रीबुवांनी मुलांना काय दिले, हे आधी कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पहाटे उठून आई लक्ष्मीबाईंनी रमेला श्लोक शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत तिला सुमारे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते असे सांगतात. सत्याशी प्रामाणिक राहणे, लोकांच्या निंदेने न डगमगणे, देवाची सेवा हेच जीवनाचे सार मानणे, हे सारे तिला आईबापांकडून मिळाले. आपल्यापैकी कितीजण आपल्या मुलांना पहाटे उठून शिकवतात? या बाबतीत ते मातापिता आपल्याला लाजवतील असेच होते.

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही. पुराण सांगून जे द्रव्य मिळे त्यातून नित्याचा खर्च भागला की उरलेले दानधर्मात जाई. देवस्थानांना व ब्राह्मणांना दिले की देव प्रसन्न होऊन धन देईल, अशी त्यांची दृढ समजूत होती. संस्कृताखेरीज दुसरी भाषा किंवा कोणतीही व्यावहारिक विद्या शिकली तर मुले संसारात गुंततील आणि मोक्षाला मुकतील, असे त्यांना मनापासून वाटे. म्हणून मुलांना ना उदरनिर्वाहाची विद्या शिकवली, ना एखादा धंदा. अंगमेहनतीचे काम तर त्यांच्या प्रतिष्ठेत बसतच नव्हते.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडू लागला. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. दाणागोटा महागला, श्रोते घटले. तरीही दान चालूच राहिले, किंबहुना वाढले. संकट टळावे म्हणून अधिक व्रते, अधिक अनुष्ठाने, अधिक दक्षिणा. दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, चांदीची व तांब्यापितळेची भांडीही गेली. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा हे कुटुंब तिरुपतीजवळच्या अरण्यात शिरले. भीक मागणे त्यांच्या स्वाभिमानाला साहणारे नव्हते आणि मोलमजुरी कधी शिकलेलेच नव्हते. अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. अखेर शास्त्रीबुवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण पडेल ते काम करू, असे त्याने सांगितले. प्रतिष्ठा बाजूला ठेवून श्रमाला तयार होणारा त्या घराण्यातला तो पहिला पुरुष. पण फार उशीर झाला होता. १८७४ साली शास्त्रीबुवा वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या या धाकट्या लेकीला हृदयाशी धरले, तिला देवाच्या हाती सोपवले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्याची आज्ञा केली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी आई अंथरुणाला खिळली. भुकेने व्याकूळ झालेल्या त्या माउलीने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी गेली. पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून फक्त पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने ओळखून भाकरी दिली. परंतु आईला ती खाता आली नाही. आईही गेली. तिला स्मशानात नेण्यासाठी चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. उरलेले दोघे म्हणजे ही भावंडे. रमेची उंची खांद्याला खांदा लागण्याइतकी नव्हती, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला. मागोमाग थोरली बहीणही गेली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. हजारो श्लोक पाठ असलेली ही मुलगी एका भाकरीपुढे असहाय झाली. हा दोष विद्येचा नव्हता आणि भक्तीचाही नव्हता. श्रद्धा आणि श्रम, दान आणि हिशेब यांची ताटातूट झाली, तिचे हे फळ होते. ही केवळ दुसऱ्या धर्मातील घराची गोष्ट आहे असे मानून आपण पुढे जाऊ नये. आजही काही व्यासपीठांवरून असे सांगितले जाते की, जितके अर्पण कराल त्याच्या कित्येक पट देव तुम्हाला परत देईल; आणि भोळी माणसे कर्ज काढून देतात. देवाला सावकार समजून त्याच्याकडे ठेव ठेवण्याची ही वृत्ती आणि अनंतशास्त्र्यांची ती समजूत यांत कितीसे अंतर आहे? शास्त्रीबुवा निदान निष्कपट होते. त्यांची चूक त्यांनी प्राणांनी फेडली आणि त्यांच्या मुलांनी भुकेने.

दोघे भावंडे त्यानंतर सुमारे चार वर्षे हिंदुस्थानभर पायी हिंडली. पांघरूण नव्हते, म्हणून झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमेची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली; आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर दहा महिन्यांची मूल.

आता पाहा, बापाच्या घरी जे शिकवले गेले नाही ते ही लेक स्वतः कसे शिकली. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून १८८३ साली त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च भागवला. पुराण सांगून मिळालेली दक्षिणा त्यांच्या वडिलांनी त्याच दिवशी वाटून टाकली असती. लेकीने लेखणीची कमाई एका हेतूसाठी राखून ठेवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात बाई स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लिहिलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या हजारो प्रती खपल्या. १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले.

दहा वर्षांचे वचन मिळाल्यावर दहा वर्षे निश्चिंत राहणारे पुष्कळ असतात. बाईंनी मात्र ती दहा वर्षे संपल्यावर काय, याचा विचार आधीच केला. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नातून शाळा चालावी हा हेतू. ज्या कुटुंबाने शेवटचे भांडेही दान करून टाकले होते, त्याच कुटुंबातील मुलगी आता दहा वर्षांपुढचे झाड लावत होती. हा अविश्वास नव्हे. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवले, तेव्हा त्याचा देवावरील विश्वास कमी झाला होता काय? आणि प्रभूनेही बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाच्या दाखल्यात आधी बसून खर्चाचा अंदाज करण्याचा शहाणपणा शिकवलाच आहे.

श्रद्धेच्या बाबतीतही बाईंना एक गोष्ट उशिरा पण लख्ख उमगली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानी आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु धर्माचा जीवनदाता ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्यांनी स्वतःला त्याच्या चरणी सर्वस्वी वाहिले. जिला स्वतः या वाटेने यावे लागले, ती दुसऱ्यावर श्रद्धा लादणार तरी कशी? शारदा सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नव्हती. बाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. ज्या मुलींना वाटे त्या आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. तरी बाईंनी ना कोणाला खोलीत ओढले, ना ते दार लावून घेतले.

किशोरवयीन मुलांच्या आईबापांनी या उघड्या दारावर खूप विचार करावा. या वयात मुले आपण काय सांगतो ते कमी ऐकतात. पण आपण काय करतो ते बारकाईने पाहतात. आईवडील गुडघे टेकतात की नाही, आणि टेकले तर मुलांना दिसतील असे टेकतात की नाही, हे त्यांना ठाऊक असते. जमिनीचा सातबारा मुलाच्या नावावर करता येतो. श्रद्धेचा करता येत नाही. तिच्यासाठी दार उघडे ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. आत पाऊल मुलानेच टाकायचे असते.

अशा अनुभवांतून घडलेल्या रमाबाई १८९६-९७ साली मध्यप्रांतातील त्या मुलींपुढे उभ्या होत्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती. म्हणून या मुलींना केडगावच्या मळ्यावर नेण्यात आले आणि तेथेच मुक्ती सदन वाढले. या मुलींना केवळ जेवू घालून बाईंना समाधान मानता आले असते. परंतु त्यांना ठाऊक होते की दिलेले जेवण एका दिवसाचे असते. हाताला दिलेले काम जन्माचे असते. म्हणून मुक्ती सदनात सकाळ प्रार्थनेने सुरू होई, वर्गात लिहिणे-वाचणे होई, आणि दिवसाचा एक भाग कामाचा असे. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, छपाई, रुग्णसेवा अशी कामे मुली शिकल्या. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. त्यांना ब्रेल लिपी आणि वेतकाम शिकवले जाई, कारण दृष्टी नसली तरी हात रिकामे राहू नयेत. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या मुलींना बसून खाऊ घालणे कोणत्याही देणगीला पुरले नसते. आणि पुरले असते तरी बाईंना ते रुचले नसते. कोणत्याही कामाला तेथे हलके मानले जात नसे. ज्या प्रतिष्ठेपायी आपले आईवडील उपाशी मेले, ती प्रतिष्ठा बाईंनी मुक्तीच्या दारात शिरू दिली नाही.

मनोरमेलाही यातून सूट नव्हती. आईच्या कीर्तीवर ती सुखाने जगू शकली असती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्यावर ती मुक्तीच्या कामाला जुंपली गेली, शारदा सदनाची प्रमुख झाली आणि गुलबर्गा येथील मुलींच्या शाळेचे कामही तिने उभे केले. आईने तिला विद्या दिली, श्रद्धा दिली आणि त्या दोहोंना जोडणारे काम दिले. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा वारली. जिच्या हाती सारे सोपवायचे तीच आधी गेली. या आघातानंतरही बाई आपल्या शेवटच्या कामाला लागून राहिल्या. साध्या बायकांनाही समजावे म्हणून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे करीत होत्या. ते छापण्याचे काम मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच मुलींच्या हातांनी चालले होते. काम हातावेगळे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ साली प्रकाशित झाला. ज्या मुलींना एकेकाळी भाकरीचा तुकडा मिळत नव्हता, त्यांच्यासारख्यांनी खिळे जुळवून देवाचे वचन छापले. श्रद्धा आणि श्रम एकत्र आले म्हणजे काय घडते, याची याहून मोठी साक्ष कोणती? मुक्ती मिशन केडगावला आजही उभे आहे.

वाचकहो, आता पुन्हा आपल्या घराकडे वळू या. बाईंच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपला मुलगा सोळा वर्षांचा असेल, तर त्याला घरच्या जमाखर्चाच्या वहीजवळ बसवावे. पगार किती येतो, भाडे, किराणा, शाळेची फी आणि औषधे यांत किती जातो, आणि मंडळीसाठी किती बाजूला काढला जातो, हे त्याच्यापासून लपवू नये. लपवलेल्या हिशेबातून मुले एकच धडा शिकतात, की पैसा आपोआप येतो. हातखर्च दिला तर त्याचा हिशेब प्रेमाने विचारावा. मोबाईलवरून गेलेला रुपयाही रुपयाच आहे, हे त्याला वहीत लिहून पाहू द्यावे. अर्पणाच्या थैलीत टाकायला आयत्या वेळी आपल्या खिशातील नोट त्याच्या हातात देऊ नये. स्वतःच्या कमाईतून वा बचतीतून त्याने दिलेली लहानशी रक्कम त्याला विधवेच्या दोन टोल्यांचा अर्थ शिकवील. सुट्टीत एखादे काम करून त्याने चार पैसे मिळवले, तर त्याची लाज वाटू देऊ नये. दुकानात उभे राहणे, शिकवणी घेणे, शेतात राबणे यांत कमीपणा नाही. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. आणि उद्याचा विचार करून थोडे राखून ठेवणे व गरजवंताला मोकळ्या हाताने देणे या गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे त्याने आपल्याच घरात पाहावे.

अनंतशास्त्र्यांनी मरताना आपल्या मुलीला देवाच्या हाती दिले. देवाने ते देणे स्वीकारले, आणि बापाकडून जे राहून गेले होते ते तिला स्वतःच्या शाळेत शिकवले. आपणही चुकणारे आईबाप आहोत. आपल्याकडूनही पुष्कळ राहून गेले असेल. म्हणून आज संध्याकाळी वही उघडू या, आणि वही मिटल्यावर त्याच मेजाभोवती प्रार्थनेला बसू या. खोलीचे दार मात्र उघडे असू द्यावे. शेजारच्या खोलीत मोबाईल हाती घेऊन बसलेल्या मुलाला आपला आवाज ऐकू जाईल. आणि ज्या प्रभूने तिरुपतीच्या रानातील त्या भुकेल्या मुलीला हाती धरून चालवले, तो आपल्या मुलांनाही चालवील.